औषधांची यादी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील वृद्ध नागरिकांना दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत एक अवघड निर्णय करावा लागतो. पुढील वर्षासाठी औषधविम्याची कोणती योजना घ्यावयाची, हा तो निर्णय. केवळ हप्त्याची रक्कम पाहून तो करता येत नाही. आपण रोज घेतो त्या गोळ्या कंपनीच्या यादीत आहेत काय, असल्यास त्यांतील किती खर्च आपल्या माथी येणार आणि त्या मिळण्यापूर्वी कोणाची परवानगी लागणार, हे सारे पडताळावे लागते. 'फॉर्म्युलरी' या नावाने ओळखली जाणारी ही यादी म्हणजे या विम्याचा गाभाच होय. हप्ता भरला की औषध मिळाले, असा कोणाचा समज असेल, तर तो चुकीचा आहे.

वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर योजना १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने अस्तित्वात आली. रुग्णालय व डॉक्टर यांचा खर्च तीत धरण्यात आला. घरी घ्यावयाची औषधे मात्र बहुतांशी वगळण्यात आली. पुढे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांसारख्या व्याधींसह नित्याच्या औषधांच्या बळावर दीर्घकाळ जगणे शक्य झाले आणि ही उणीव जाचू लागली. ती भरून काढणारा कायदा २००३ साली, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकीर्दीत झाला व १ जानेवारी २००६ पासून औषधविमा सुरू झाला. परंतु तो चालविण्याचे काम खासगी कंपन्यांकडे सोपविण्यात आले. इतकेच नव्हे, तर सरकारने औषधांच्या किमतींच्या वाटाघाटीत पडू नये आणि कंपन्यांवर विशिष्ट यादी लादू नये, असे बंधन कायद्यानेच घातले.

परिणामी प्रत्येक योजनेची यादी निराळी. तिच्यात बहुधा पाच पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर स्वस्त जेनेरिक औषधे, त्यावर नाममुद्रेची, आणि सर्वांत वर अतिमहाग औषधे. पायरी चढत जावी तसा विमेदाराचा वाटाही वाढत जातो. काही औषधांना कंपनीची पूर्वपरवानगी लागते. काहींच्या बाबतीत आधी स्वस्त औषध घेऊन पाहावे, ते लागू पडले नाही तरच महाग औषध मिळेल, अशी अट असते. प्रत्येक औषधवर्गात निदान दोन औषधे असावीत आणि अपस्मार, नैराश्य, मनोविकार, कर्करोग, एचआयव्ही व अवयवरोपण या सहा बाबतींत जवळजवळ सर्व औषधे असावीत, असा दंडक सरकारने घातला आहे. यादीबाहेरचे औषध हवे असल्यास डॉक्टरच्या निवेदनासह अपवाद मागता येतो. त्यावर ७२ तासांत, तातडीच्या प्रसंगी २४ तासांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय विरुद्ध गेल्यास अपिलाच्या पाच पायऱ्या आहेत!

अशी यादी असणेच गैर, असे मात्र म्हणता येणार नाही. सारख्याच गुणाची दोन औषधे असताना स्वस्त औषधाला प्राधान्य देणे हा शहाणपणाच आहे. सार्वजनिक पैशाचा विनियोग तसाच व्हावयास हवा. आक्षेप आहे तो यादी कोणत्या कसोटीवर ठरते याला. औषधनिर्माते यादीत सोयीची पायरी मिळावी म्हणून मध्यस्थ कंपन्यांना किमतीवर सवलत देतात. या सवलतीने विम्याचा हप्ता काहीसा आटोक्यात राहतो हे खरे. परंतु ज्या रुग्णाला किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम भरावी लागते, त्याचा वाटा सवलतीपूर्वीच्या किमतीवर आकारला जातो. जो सर्वांत अधिक आजारी, त्याच्याच पदरी सवलत पडत नाही.

दुसरा आक्षेप करारातील विषमतेचा. विमेदाराला एरव्ही वर्षभर त्याच योजनेत राहावे लागते. कंपनीला मात्र काही नियम पाळून वर्षाच्या मध्येही यादीत बदल करता येतात. करार दोघांचा, पण बांधला जातो प्रामुख्याने एकच, आणि तोही सत्तरी-ऐंशीच्या घरातला, बारीक अक्षरातील अटी वाचताना थकणारा माणूस. 'निवडीचे स्वातंत्र्य' या गोंडस नावाखाली त्याच्यावर टाकलेले हे ओझे आहे.

ही चूक अंशतः तरी दुरुस्त झाली आहे. २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घातली. २०२५ पासून यादीतील औषधांवर विमेदाराने वर्षाकाठी करावयाच्या खर्चाला २,००० डॉलरची सीमा आली, २०२६ साठी ती २,१०० डॉलर झाली. निवडक औषधांच्या किमती सरकारने ठरविण्यास प्रारंभ झाला. पहिल्या दहा औषधांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या आणि ती औषधे यादीत ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. मात्र खर्चाची सीमा यादीतील औषधांपुरतीच आहे. जे औषध यादीतच नाही, त्याला तिचे संरक्षण नाही. म्हणून यादी कोणाच्या हाती, हा प्रश्न आजही उरतोच.

आपल्याकडे २०२४ साली आयुष्मान भारत योजनेचा लाभ सत्तरीवरील सर्वांना खुला झाला. पण तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. रक्तदाबाची रोजची गोळी निवृत्त शिक्षकाला अजून पदरमोड करूनच घ्यावी लागते. अमेरिका १९६५ साली जेथे होती, साधारण तेथेच आपण आज आहोत. ही उणीव उद्या भरून काढावयाची झाल्यास यादी करावीच लागेल. ती वैद्यकीय कसोटीवर ठरावी, तिची कारणे जाहीर व्हावीत आणि वर्षभर ती कंपनीवरही तितकीच बंधनकारक असावी. औषध यादीत नाही म्हणून दुकानातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या वृद्धाला, ते का नाही, याचे सरळ उत्तर मिळण्याचा हक्क तरी असलाच पाहिजे.