हवालदाराच्या खिशातला फोन

पंचनामा म्हटला की कार्बन घातलेले कागद, टपरीवरून ओढून आणलेले दोन पंच आणि खटल्यात त्यांनीच फिरवलेली साक्ष, हे चित्र आपल्या ओळखीचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने ते बदलायला घेतले आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता बंधनकारक. तेही शक्यतो मोबाइलवर, आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे रवाना. त्यासाठी राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राने 'ई-साक्ष्य' अॅप तयार केले. जागा, वेळ आणि चित्रण करणाऱ्याची सेल्फीसुद्धा त्यात नोंदली जाते. पंच उलटला तरी चित्रफीत उलटत नाही.

तरतूद चांगलीच. पण फोन कोणाचा? कायदा मोबाइल म्हणतो, तो कोणी पुरवायचा हे सांगत नाही. लेकीच्या बारशाचे फोटो आणि खुनाचा पंचनामा एकाच खासगी फोनमध्ये ठेवायची वेळ अंमलदारावर यावी, हे बरे नव्हे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात उपकरणाचा तपशील द्यावा लागतो; बचावाचा वकील उद्या नेमके त्याच फोनवर बोट ठेवेल. शिवाय भामरागडच्या जंगलात किंवा धडगावच्या डोंगरात रेंज मिळेपर्यंत चित्रण अडकून राहते, ते वेगळेच.

गृह विभागाने प्रत्येक तपास अंमलदाराच्या हाती सरकारी फोन, सरकारी सिम आणि पुरेसा डेटा द्यावा. तोवर सक्ती कायद्याची आणि खर्च हवालदाराच्या खिशातून, असेच चालणार.