पेटी घ्या, माश्या नको

पर्लकोटेकाठून : 'वाटाड्या'

भामरागड तालुक्यात लिलाव म्हटला की आधी तेंदूपान आठवते. ग्रामसभा जाहिरात देते, ठेकेदार येतात, गोणीमागे भाव बोलला जातो. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, हा हिशेब हेमलकशाच्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. रॉयल्टी थकवणारा ठेकेदार बोलण्यावरून कसा ओळखावा, हे संकलनाच्या फळीवर पुडे मोजून देणाऱ्या बाया सांगू शकतात. तेव्हा मधमाश्यांच्या वापरलेल्या पेट्या कुणी बोलीवर काढल्या आहेत असे कानावर आले, आणि बचत गटातली दोन पोरे विचारायला आली, तर त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती. "भाऊ, माश्यांसकट भेटतात. नव्याच्या अर्ध्यात. घ्यायच्या काय?"

पेट्या घ्या, मध काढायचे यंत्र तर नक्की घ्या. माश्या घेऊ नका. आणि पेटीतली जुनी पोळी फुकट मिळाली तरी घरी आणू नका.

तेंदूच्या लिलावात घेणाऱ्याला पान ठाऊक असते, जंगल ठाऊक असते, गेल्या हंगामाचा भाव ठाऊक असतो. माश्यांची पेटी बोलीला येते ती दार बंद करून. दिवसा बंद केली तर बाहेर गेलेल्या कामकरी माश्या बाहेरच राहतात, म्हणून विकणारा ती संध्याकाळी बंद करून आणतो, आणि घेणारा झाकणाला कान लावून गुणगुण ऐकतो. गुणगुण तर रोगट वसाहतीचीही येते. आत राणी आहे का, अंडी आहेत का, अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या आणि घराच्या तळाशी वळून पडलेल्या आहेत की पिवळ्या, सुरकुतलेल्या, हे चौकट उचलून उजेडाकडे धरल्याशिवाय कळत नाही.

इंग्लंडमध्ये मधपाळांच्या स्थानिक संघांचे असे लिलाव दर वसंतात होतात. तिथे शहाणे संघ वसाहत बोलीला येण्याआधी जाणकाराकडून उघडून तपासून घेतात आणि जुन्या पेट्या आतून जाळून-खरवडून आणायला सांगतात. कारण साधे आहे. अमेरिकन फाऊलब्रूड नावाच्या रोगाचे बीजाणू जुन्या पोळ्यात, लाकडाच्या फटीत कित्येक दशके जिवंत राहतात. तिथे हा रोग सापडला की वसाहत मारून, खड्ड्यात घालून जाळतात, आणि ते काम सरकारी निरीक्षकाच्या देखरेखीखाली होते. एवढी जरब असलेल्या देशातही जुनी चौकट घेताना लोक दहादा विचार करतात.

आपल्याकडची जखम वेगळी आहे. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू दक्षिण भारतात पसरला आणि केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती दोन-तीन वर्षांत संपल्या. पिढ्यान्‌पिढ्या मध काढणारी घरे रिकाम्या पेट्या घेऊन बसली. या रोगात अळी कोषात जायच्या आधीच मरते, डोके वर करून पडते, आणि चिमटीने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. वसाहतींची ने-आण आणि पोळ्यांची देवघेव हे त्याच्या पसरण्याचे हमरस्ते. सातेरी म्हणजे आपल्याच जंगलातली माशी. ढोलीतली, वारुळातली, पडक्या भिंतीतली. बाहेरून आणलेली एक आजारी पेटी परसात ठेवली की तो आजार परसातच राहत नाही. मोहाच्या त्याच झाडावर रानातली सातेरीही जाते.

लिलावातल्या माश्या सातेरी नसून मेलिफेरा असतील, ज्यांना लोक इटालियन म्हणतात, तर प्रश्न आणखी वाढतो. ही माशी १९६२-६४ च्या सुमारास नगरोटा बगवानला, म्हणजे आजच्या हिमाचलात, रुजवली गेली आणि पुढे मोहरी-सूर्यफुलाच्या मैदानांत तिने भरभरून मध दिला. पण ती फुलोऱ्यामागे ट्रकने फिरवायची माशी आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा रस्ता तुटतो, त्या दिवसांत पेट्या कुठे हलवणार? जागेवर ठेवून साखरेचा पाक पाजत राहायचा म्हटले तर साखरही त्याच पुलावरून यायची. लिलावात स्वस्त मिळालेली मेलिफेरा ऑगस्टअखेर किती महाग पडते, हा हिशेब बोली लावण्याआधी करावा.

मग माश्या आणायच्या कुठून? हे मी भामरागडच्या माणसाला सांगायचे म्हणजे धाडसच. सातेरी कोणत्या ढोलीत बसली आहे हे माडिया माणसाला चालता चालता दिसते. माश्यांची ये-जा पाहून तो नेमके झाड सांगतो. ढोलीतली पोळी अलगद कापून, अळ्यांचा भाग चौकटीत बसवून, केळीच्या सोपाने किंवा दोऱ्याने बांधायचा, राणी पेटीत आली की बाकीच्या मागून येतात. ही रीत नवी नाही, फक्त हात बसायला हवा. त्याहून सोपे म्हणजे फुलोऱ्याच्या दिवसांत रिकामी पेटी सावलीत, जरा उंचावर ठेवून वाट पाहणे.

आणि इथे जुन्या पेटीची खरी किंमत कळते. कोऱ्या लाकडाच्या वासाच्या पेटीपेक्षा मेणाचा वास मुरलेली पेटी घर शोधणाऱ्या माश्यांना जास्त ओढते. म्हणजे वापरलेली पेटी वाईट नाहीच. कुणी, कुठे, कोणत्या माशीसाठी वापरली आणि ती माशी का गेली, हे न सांगता विकलेली पेटी वाईट. विकणारा म्हणाला की माश्या 'उडून गेल्या', तर विचारावे : उडून गेल्या की मेल्या? सातेरी भुकेने, मुंग्यांनी, मेणकिड्याने वैतागली की घर सोडते, तो तिचा स्वभाव आहे. पण उडून गेलेल्या वसाहतीच्या पोळ्यात मेलेल्या अळ्या दिसल्या तर तो स्वभाव नव्हे.

पेटी पाहताना रंग पाहू नये, माप पाहावे. लँगस्ट्रॉथ या अमेरिकी धर्मगुरूला १८५१ साली लक्षात आले की माश्या ये-जा करायला ठरावीक फट मोकळी सोडतात. त्याहून अरुंद फट चिकट डिंकाने बुजवतात, रुंद असेल तर तिथे पोळे बांधतात. सगळ्या आधुनिक पेट्या त्या शोधावर उभ्या आहेत. मेलिफेराच्या मापाच्या पेटीत सातेरी घातली तर तिला ते घर अंगाला सैल होते, आणि मेलिफेरासाठी छापलेल्या मेणपत्र्याची घरे तिच्यासाठी मोठी पडतात. लिलावात दोन्ही मापांची सरमिसळ हमखास असते. अळ्या वाढतात ती शिशुकोठी एका मापाची, मध साठतो ती मधुकोठी दुसऱ्या, असा जोड घरी आणून रंधा मारत बसण्यापेक्षा टेप खिशात घेऊन जाणे बरे. घेतलेली पेटी खरवडावी, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवावी, आतून ब्लो लॅम्प फिरवून लाकूड तांबूस होईपर्यंत भाजावे. जुन्या चौकटी चुलीत.

माझा राग खरे तर लिलावावर नाहीच. इतक्या पेट्या विकायला निघतात कशा, यावर आहे. अनुदानातून आलेल्या पेट्यांत मी ज्वारी पाहिली आहे, चपला पाहिल्या आहेत, एकीवर तर कोंबडी अंड्यांवर बसली होती. राज्याच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक आहे. म्हणजे ही फुकटची खिरापत नव्हे. तरीही पेटी वाटली जाते एका दिवसात, आणि माणूस मधपाळ व्हायला दोन पावसाळे लागतात. त्या दोन पावसाळ्यांत दार ठोठावून 'माश्या कशा आहेत' विचारणारा कुणी नसेल तर पेटी कोंबडीचीच होणार. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, पण तिथे मध आधीपासून होता. अडले तर शेजारच्या घरी विचारता येते, हे त्या गावाचे भांडवल.

आपल्याकडे त्याच्या तोडीचे भांडवल ग्रामसभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या काढून पाहा. तेंदूपान ज्या ओळीत आहे त्याच ओळीत मध आणि मेणही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट करून पोळे न जाळता मध काढायचे ठरवले, वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने आग्या मोहोळासाठी तशी पद्धत खेडोपाडी शिकवली. मग पानाचा लिलाव शर्तींसह करणाऱ्या ग्रामसभेने पेट्यांचाही करावा. पडून असलेल्या पेट्या गावोगावी गोळा कराव्यात, मूळ मालकाचे नाव खडूने वर लिहावे, सकाळी सगळ्यांसमोर उघडाव्यात, पोळी तिथेच वितळवून मेण वेगळे विकावे, आणि आलापल्लीपलीकडून आलेली माश्यांची पेटी बोलीलाच घेऊ नये. दिवस दिवाळीनंतरचा ठेवावा, म्हणजे घेणाऱ्यापुढे अख्खा फुलोरा असतो. पावसाच्या तोंडावर पेटी विकणाऱ्याची घाई त्याची त्याला ठाऊक.

त्या दोन पोरांना मी एवढेच सांगितले की बोली लावायची तर आधी मध काढायच्या यंत्रावर लावा. स्टीलचे असेल तर वर चढा, जस्ताचा मुलामा उडालेले असेल तर हात खाली घ्या. मध आम्लधर्मी असतो, तो जस्त खातो आणि आपण तो मध खातो. मूठ फिरवून दाते घासतात का पाहा. माश्यांना धूर द्यायच्या धुराड्याचा भाता दाबून वारा कुठून निसटतो ते बघा, चामडे फाटले असेल तर भाव निम्मा करा. यंत्र एका गावात एक पुरते, आणि ते बोलीच्या दिवशी नसेल तर रिकाम्या हाताने परत या.