परदेशात धर्मशाळेची लाज का?

पंढरपूरच्या धर्मशाळेत किंवा शेगावच्या भक्तनिवासात निश्चिंत झोपणारा वऱ्हाडी माणूस परदेशी जाण्याचे ठरविताच तारांकित हॉटेलाखेरीज दुसरा विचारच करीत नाही, हे एक कोडेच म्हटले पाहिजे. अमरावती-अकोल्याकडील शिक्षक व कारकूनही आता निवृत्तीनंतर हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून युरोप पाहू लागले आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु आयुष्यभर पैपैचा हिशेब ठेवणारे हे गृहस्थ मुक्कामाचा निर्णय मात्र डोळे मिटून यात्रा कंपनीच्या हवाली करतात. विमानभाड्यात फारशी काटकसर करता येत नाही. ती जेथे करता येते, तेथे कोणी चौकशीच करीत नाही.

कंपन्यांच्या पत्रकांतील ‘किंवा तत्सम हॉटेल’ हे तीन शब्द या दृष्टीने बारकाईने वाचावयास हवेत. ते तत्सम हॉटेल शहराबाहेर महामार्गालगत निघाले, तर तारे तेवढेच राहतात आणि शहर मात्र बसच्या खिडकीतून पाहावे लागते. शिवाय ताऱ्यांवर करही चढतो. रोममध्ये हॉटेलाचा दर्जा वाढेल तसा दरडोई, दररात्रीचा कर वाढतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के कर आहे. भाडे जितके जड, तितका करही जड.

वास्तविक अल्पखर्ची मुक्कामाची कल्पना युरोपात रुजविली ती एका शाळामास्तरानेच. रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांसह पदयात्रेस निघाले असता वादळी पावसात सापडले आणि एका गावच्या शाळेत त्यांना रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांना निवारा का देऊ नये, या विचारातून १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवक वसतिगृह उभे राहिले. शिरमान यांचा जन्म १८७४ चा. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचा १८७६ चा. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. दोघांची गाठ पडणे शक्य नव्हते, पण प्रश्न दोघांपुढे एकच होता. त्या बाबांच्या जिल्ह्यातील माणसाने परदेशातील धर्मशाळेस कमीपणा मानावा, हे विचित्रच होय.

‘युवक’ हे नावापुरतेच आहे; बहुतेक देशांतील या वसतिगृहांत वयाची अट उरलेली नाही. सामायिक शयनगृह सर्वांनाच मानवेल असे नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यास वरच्या खाटेवर चढावयास सांगणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु अनेक ठिकाणी दोघांच्या वा कुटुंबाच्या स्वतंत्र खोल्याही असतात. पुष्कळ वसतिगृहांत स्वयंपाकघर असते, ही तर वऱ्हाडी गृहिणीला वरदान वाटावी अशी सोय. पीठ आणि तिखट बरोबर असले की पिठले कोठेही होते. तुपाचा डबा मात्र घरीच ठेवावा. भारतातून दुधाचे वा मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. जिनिव्हासारख्या शहरात तर वसतिगृहात उतरणाऱ्यालाही मुक्कामाच्या काळापुरता बस व ट्रामचा मोफत पास मिळतो.

व्हिसासाठी हॉटेलच लागते, हा समजही निराधार आहे. शेंगेन देशांच्या अर्जास मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो हे खरे. परंतु त्या अर्जात तारे मोजण्याचा रकाना नाही.

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे उन्हाळी सुटीत वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात आणि त्या खोल्या प्रामुख्याने त्यानंतर रिकाम्या होतात, म्हणून नोकरीत असलेल्या शिक्षकास त्यांचा फारसा उपयोग नाही. निवृत्तांना मात्र ही अडचण नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. वऱ्हाडातून लंडनला जाणारा माणूस ते श्रद्धेने पाहून येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत, १९२१-२२ मध्ये, त्याच घरात भाडेकरू म्हणून राहत होते.

सामूहिक यात्रेनेच जाणे ज्यांना सोयीचे वाटते, त्यांनी अनामत रक्कम भरण्यापूर्वी प्रत्येक मुक्कामाचे नाव, पत्ता आणि मध्यवर्ती रेल्वेस्थानकापासूनचे अंतर लेखी मागावे. ते देण्यास खळखळ करणाऱ्या कंपनीकडे पैसे भरण्याची घाई करू नये.