सह्यांची वही कोणत्या दारात न्यायची?

आजचा मजकूर भाताचा नाही, नाचणीचाही नाही. खता-बियाण्याचं लिहिणाऱ्याने या वाटेला कशाला जावं, असं कुणी म्हणेल. पण लावणीच्या दिवसांत वेल्ह्याकडच्या (तालुक्याचं नाव आता राजगड झालं, जिभेवर मात्र अजून वेल्हेच आहे) एका गावची तीन माणसं माझ्याकडे आली. रोपात काही रोग आला असेल, औषध विचारायला आले असतील, असं वाटलं. त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर मथळा, 'सरपंचांस परत बोलावणेबाबत'. खाली सह्या आणि अंगठे, तीनशेच्या वर. "साहेब, ही कुणाला द्यायची?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. तक्रार पाण्याच्या टाकीच्या कामाची होती. खरी की खोटी, ते मला ठाऊक नाही, आणि सरकारी नोकराने ते ठरवूही नये. पण त्यांचा प्रश्न बिनतोड होता. आपण मत देऊन बसवलेला माणूस आपल्या सह्यांनी उठवता येतो का?

सरपंचाच्या बाबतीत उत्तर 'येतो, पण सह्यांनी नाही' असं आहे. मुंबई म्हणा की महाराष्ट्र म्हणा, १९५८ चा जो ग्रामपंचायत कायदा आहे त्याच्या ३५ व्या कलमात अविश्वास ठराव आहे. त्याची नोटीस तहसीलदारांकडे द्यायची ती सदस्यांनी, गावकऱ्यांनी नव्हे. आणि मताचा हक्क असलेल्या सदस्यांपैकी दोन-तृतीयांश जणांची सही तिच्यावर हवी. सात दिवसांत तहसीलदार खास सभा बोलावतात. तिथे ठराव तीन-चतुर्थांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. समजा सरपंच धरून मताचे आठ जण आहेत. मग नोटिशीला सहा लागतात आणि मंजुरीलाही सहा. एक फुटला की सगळं मुसळ केरात.

पुढचा टप्पा मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो. २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली. २०२० मध्ये ती पद्धत बंद झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. असा थेट निवडलेला सरपंच नुसत्या सदस्यांच्या मतांनी जात नाही. ठराव खास ग्रामसभेपुढे ठेवून गुप्त मतदानाने त्यावर गावाची मोहोर घ्यावी लागते. म्हणजे परत बोलावण्याचा हक्क आपल्याकडे थोडाफार आहे, फक्त दार आतून उघडतं. कडी सदस्यांच्या हातात, शेवटचं मत गावाचं. निवडणुकीपासून पहिली दोन वर्षं आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने हे दार बंदच असतं. ठराव पडला तर पुढची दोन वर्षं पुन्हा आणता येत नाही.

तिघांतल्या एकाने लगेच पुढचं विचारलं, "मग आमदाराचं काय?" आमदाराला परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. खासदारालाही नाही. आमदाराची जागा मुदतीआधी रिकामी होते ती मृत्यूने, राजीनाम्याने, पक्षांतरबंदीच्या कायद्याखाली किंवा दोन वर्षं व त्याहून जास्त शिक्षा लागून अपात्र ठरल्यास. मतदारांच्या अर्जाने नाही. मागणी जुनी आहे. १९७४ मध्ये सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत तसं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. आपल्या राळेगणच्या अण्णा हजारेंनी २०११ मध्ये दिल्लीच्या उपोषणानंतर हीच मागणी लावून धरली. तेव्हाच्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी, कुरैशी यांनी, तिला विरोध केला.

आपल्या भागाचं बोलायचं तर भोर, वेल्हे, मुळशीच्या मतदाराला परत बोलवायला वेगळा कायदा लागलेला नाही. १९९९ मध्ये त्याने अनंतराव थोपट्यांसारख्या जुन्या नेत्याला घरी बसवून काशिनाथ खुटवडांना पाठवलं, आणि २००४ मध्ये त्याच थोपट्यांना परत मुंबईला धाडलं. २०२४ मध्ये तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे यांच्या जागी शंकर मांडेकर आले. फक्त दर वेळी पाच वर्षं थांबावं लागलं, एवढंच. ते थांबणं काहींना जड जातं, हे मान्य.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हे थांबणं नाही. १९११ पासून तिथे गव्हर्नरला, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागेवरच्या माणसाला, सह्या गोळा करून मतदानाला उभं करता येतं. मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १२ टक्के सह्या लागतात. २००३ मध्ये ग्रे डेव्हिस असेच गेले आणि सिनेमातले आर्नोल्ड श्वार्झनेगर आले. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्ध सुमारे १५ लाख सह्या लागत होत्या, त्या जमल्या, मतदान झालं, आणि ६२ टक्क्यांच्या आसपास लोकांनी 'राहू द्या' असं सांगितलं. सह्या देणारे लाखो आणि 'राहू द्या' म्हणणारे त्याहून जास्त. वही भरली म्हणजे गाव आपल्या बाजूला, असं धरून चालू नये.

जवळचं उदाहरण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं. तिथे नगराध्यक्षाबद्दल 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' असं मतदान होतं. रिकाम्या खुर्चीला जास्त मतं पडली की अध्यक्ष गेला. पण सुरुवात तिथेही नगरसेवकांनीच करायची. हरियाणाने २०२० मध्ये सरपंचासाठी कायदा केला आणि सुरुवातीचा हक्क गावकऱ्यांनाच दिला.

आता गंमत बघा. आपल्या महाराष्ट्रात सह्यांच्या जोरावर गावाला मतदान मागता येतं असं एक दार आहे, ते दारूच्या दुकानाचं. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांकडे अर्ज दिला की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली की आडवी बाटली. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीवर पडावी लागतात, नुसत्या आलेल्यांच्या निम्म्याने भागत नाही. म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. बायकांनी हे करून दाखवलं आहे, तेव्हा सह्यांवर मतदान घेणं प्रशासनाला जमत नाही, असं म्हणता येणार नाही.

मग सरपंचासाठी गावकऱ्यांच्या सह्या का चालू नयेत? माझं मत विचाराल तर, चालाव्यात, पण वर्षाच्या आत नाही आणि लावणी-काढणीच्या दिवसांत नाही. आपल्याकडची निम्मी तरणी पोरं पुण्या-मुंबईला कामाला. मतदानाच्या दिवशी ज्याच्याकडे गाड्या, त्याची माणसं गावात. शिवाय राखीव जागेवर बसलेली एखादी बाई किंवा मागासवर्गीय सरपंच स्वतःच्या बुद्धीने वागायला लागली, की ठरावाची कुजबुज कोणत्या ओट्यावर सुरू होते हे ग्रामसेवक मंडळींना मी सांगायला नको. सोपं दार सगळ्यांनाच सोपं असतं.

टाकीच्या कामात खरंच घोळ असेल तर त्यासाठी ३९ वं कलम आहे. कामात गैरवर्तन सिद्ध झालं तर विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. आधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. तिथे तीनशे सह्यांपेक्षा तीन कागद भारी पडतात. कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि ग्रामसभेचं इतिवृत्त. ते माहितीच्या अधिकारात मागता येतात.

हे सगळं त्या तिघांना सांगितलं. हिशेब केला तर त्यांच्या सरपंचांना निवडून येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, म्हणजे अविश्वासाचं दार बंद. इतिवृत्ताचं विचारलं तर ते त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. "वहीत तीनशे आहेत," मी म्हटलं, "टाकीचा विषय झाला त्या ग्रामसभेला किती होते?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग थोरले म्हणाले, "कोरम नव्हता. सभा तहकूब झाली. नंतरच्याला आम्ही गेलोच नाही." वही पिशवीत घालून ते माहितीच्या अधिकाराचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला लागले.