दुर्मिळ लव्हाळे आणि शाळेची बाग

भोर-वेल्ह्याकडील शेतकऱ्यापुढें लव्हाळ्याचें नांव काढावें, तर तो कपाळास आंठ्या घालील; आणि तें योग्यच आहे. खुरप्यानें उपटावा, तर जमिनींतील गांठींची माळ तुटते व एकेका गांठीस नवा कोंब फुटतो. अशा कुळांतील कांहीं जाती दुर्मिळ आहेत व त्या मुद्दाम बीं पेरून वाढवाव्या, असें म्हणणाऱ्यास लोक हंसल्यास नवल नाहीं. तथापि आमचें म्हणणें तेंच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें वनस्पतिशास्त्र शिकविणारे वुड्रोसाहेब यांचें नांव अशाच एका जातीस, फिंब्रिस्टिलिस वुड्रोवी हीस, मिळालें आहे. या कुळांतील कित्येक जातींचें घर म्हणजे घाटमाथ्यावरील पठारें. तेथें खडकाच्या खोलगटांत वीतभरहि माती नसते. आषाढांत पाणी सांचतें व थंडींत सर्व आटून जातें. तेवढ्या अवधींत उगवून, फुलून, बीं टाकून त्या मोकळ्या होतात. शेतांतल्या लव्हाळ्यास कोठेंहि घर आहे, ह्यांस एवढेंच. मुरूम काढला किंवा बंगल्यासाठीं डबकें भरलें, कीं संपलें.

म्हणून रोपें उपटून आणून बागेंत लावावीं, असें कोणी सुचवितात. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्यांत पुढील सालचें बींच जातें. तुरे तपकिरी झाल्यावर, परवानगीनें, शंभरांतून पांच तुऱ्यांचेंच बीं घ्यावें व गांवाचें नांव आणि तारीख लिहून कागदांत कोरडें ठेवावें. ज्येष्ठांत उथळ कुंडींत चिखल करून बीं वरच पसरावें, त्यावर माती लोटूं नये. यांतील पुष्कळ बियांस उगवण्यास उजेड लागतो. पाणी मातीच्या बरोबरीनें राहावें. (माळीबुवांस आधीं सांगून ठेवावें, नाहींतर ते तण म्हणून सारें साफ करतील!) काडी बोटांत फिरवितां तीन धारा लागल्या, तर बहुधा रोप याच कुळांतलें, नक्की ओळख मात्र तुऱ्यावरून. बहुवर्षायु जातींचे ठोंब पावसाच्या आरंभीं मुळांसह निराळे करितां येतात. रायरेश्वराकडील बीं तोरण्याकडे नेऊन टाकूं नये.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें गांवोगांव समिती व नोंदवही असावयाची आहे. ज्या डबक्याचें बीं आणावयाचें, त्याची नोंद त्या वहींत आधीं करवून घ्यावी. ती होईपर्यंत शाळेंत कुंडी मांडूं नये, असें आमचें मत आहे.