दुर्बीण घ्यावी ती कोणती?

सन १९६५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस एके पहाटे आमच्या अक्कानें मला अंथरुणांतून उठवून गच्चीवर नेलें. मी सात वर्षांचा, ती एकोणीस वर्षांची. पूर्वेकडे इकेया-सेकी धूमकेतूचें लांबलचक पांढरें शेपूट क्षितिजापासून वर चढलें होतें. आमच्यापाशीं दुर्बीण नव्हती. तिची आवश्यकताहि नव्हती. तें दर्शन मनावर कायमचें ठसलें आणि अक्काचें तेवढें एक ऋण माझ्यावर राहिलें.

२०२४ च्या ऑक्टोबरांत त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतु सायंकाळीं पश्चिमेस दिसूं लागला, तेव्हां तें ऋण फेडण्याची संधि आली असें मला वाटलें. अक्का आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दृष्टि मंदावलेली. म्हणून मीं बाजारांतून दुर्बीण आणली. दुकानदारानें २०×५० हे अंक दाखवून म्हटलें, "गुरुजी, वीसपट मोठें दिसेल!" आठापेक्षां वीस मोठे, एवढ्या हिशेबावर मी भुललों. सायंकाळीं धूमकेतु त्या इवल्याशा वर्तुळांत कांहीं केल्या सांपडेना. सांपडला तर हाताच्या कंपानें नाचूं लागे. अक्कानें क्षणभर डोळे लावले आणि ती म्हणाली, "अरे, मला नुसता अंधार हालतांना दिसतो." पुढें आभाळ भरून आलें आणि महिनाअखेरीस धूमकेतु मंदावला. आमच्या हयातींत तो परत यावयाचा नाहीं.

ह्या फजितीनंतर मी दुर्बिणीचें गणित शिकलों. वाचकांवर तसा प्रसंग येऊं नये म्हणून तें येथें देतों.

दुर्बिणीवर दोन अंक असतात. पहिला वस्तु किती पट मोठी दिसेल तें सांगतो, दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. पट वाढला कीं तीन गोष्टी बिघडतात. हाताचा कंप तितकाच पट वाढतो. दहाच्या पुढें तिपाईवांचून निभाव लागत नाहीं. दृश्य आकुंचित होतें: आठपट दुर्बिणींतून सुमारें सात-आठ अंश आकाश दिसतें, वीसपट दुर्बिणींतून जेमतेम तीन. तिसरी गोष्ट प्रकाशाची. दुसऱ्या अंकास पहिल्यानें भागिलें असतां डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. ८×४२ ची सव्वापांच मिलिमीटर, २०×५० ची अवघी अडीच. डोळ्याची बाहुली दिवसां दोन-तीन मिलिमीटर असते. काळोखांत तरुणाची सातपर्यंत विस्तारते, वृद्धाची बहुधा पांचाच्या आसपास थांबते. दुर्बीण घेतांना घेणाराचें वयहि विचारावें तें ह्यासाठीं.

क्षेमेंद्रानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें. तोच न्याय येथें लावावा. नाटकास तिप्पट दाखविणारी लहान दुर्बीण पुरते. तीहून मोठी घेतली तर एका नटाचें नाक तेवढें दिसतें. पक्षिनिरीक्षणास ८×४२ उत्तम, कारण पानांआड चपळाईनें हालणारा पक्षी पकडण्यास विस्तृत दृश्य हवें. भिगवणला उजनीच्या उघड्या पाण्यांत दूर उभे असलेले रोहित पक्षी पाहणारानें खुशाल १०×४२ घ्यावी. गड चढणाऱ्या मुलांस ८×२५ सोयीची. ओझें थोडें, मात्र तिन्हीसांजेस ती मंद पडते. डोलणाऱ्या नौकेवरून रात्रींचा किनारा न्याहाळण्यास ७×५० योग्य. तारे पाहण्यास स्थिर हाताच्या तरुणानें १०×५० घ्यावी. साठीच्या पुढें ८×४२ च बरी.

दुकानांत नुसते अंक पाहून भुलूं नये. दुर्बीण हातभर दूर धरून प्रकाशाकडे पाहावें; मागच्या भिंगांतील तेजस्वी ठिपका पुरा वाटोळा असावा, त्याच्या कडा कापलेल्या नसाव्या. चष्मा असेल त्यानें रबरी कडें दुमडून पाहावें, आणि वर्तुळ सगळें दिसत नसेल तर ती दुर्बीण घेऊं नये. प्रथम उजवा डोळा झांकून मधल्या चाकानें डाव्या डोळ्यापुरतें दृश्य स्पष्ट करावें; मग डावा झांकून उजव्या नळीवरचें कडें फिरवावें. ह्या दोन मिनिटांच्या खटाटोपाच्या अभावीं कित्येक चांगल्या दुर्बिणी कपाटांत पडून राहतात. मुलांना एक गोष्ट मात्र बजावून सांगावी: दुर्बिणीनें सूर्याकडे कदापि पाहूं नये, दृष्टि कायमची जाते.

मार्गशीर्षांत मीं ८×४२ आणली. गच्चीच्या कठड्यावर अक्काचे दोन्ही कोपर टेकविले, तिच्या डोळ्यांना जुळवून दिली आणि कृत्तिकांकडे वळविली. नुसत्या डोळ्यांना तिला आतां तेथें पुसटसा डागच दिसतो. ती बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. मग हळूहळू मोजूं लागली. विसांवर आल्यावर थांबली.

मीं धूमकेतूचा विषय काढून माझी चूक कबूल केली. डोळ्यांवरची दुर्बीण न काढतां ती म्हणाली, "तो गेला तो गेला रे. ह्या उद्यांहि असतील ना? मग उद्यां पुन्हा जुळवून दे."