देव्हाऱ्यातील नाणे

लक्ष्मीपूजन आले म्हणजे आपल्या घरोघरी जुन्या नाण्यांची पुरचुंडी पेटीतून बाहेर निघते. वडीलधाऱ्यांनी जपलेली ती नाणी चौरंगावर मांडावी, हळदकुंकू वाहावे आणि दुसरे दिवशी पुन्हा पेटीत ठेवावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. अलीकडे मात्र ह्या पुरचुंडीकडे पाहताना पूजेच्या जोडीला मोलाचाही विचार मनात येऊ लागला आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु मोल ठरविण्यापूर्वी खरेखोटे ठरवावे लागते, आणि ती पायरी गाळली असता काय प्रसंग ओढवतो, हे गेल्या दिवाळीत आम्ही प्रत्यक्ष पाहिले. तेच आज वाचकांस निवेदन करावयाचे योजिले आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी वसुबारसेच्या सायंकाळी आमच्याकडे आला आणि रुमालात बांधलेली तीन नाणी त्याने आमच्यापुढे ठेविली. पहिले तांब्याचे, त्याच्या एका अंगास रामपंचायतन व दुसऱ्या अंगास ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे सन. दुसरा व्हिक्टोरिया राणीचा १८४० सालचा रुपया. तिसरे एक काळेठिक्कर पडलेले तांब्याचे नाणे. रामाचे नाणे त्याच्या आजीच्या देव्हाऱ्यातले. दूरध्वनीवरून ओळख झालेल्या कोणा दलालाने त्याची किंमत ३ लक्ष रुपये सांगितली होती. मात्र ‘नोंदणी’ म्हणून २५ हजार रुपये आगाऊ मागितले होते. पैकी ११ हजार ह्याने पाठविलेही होते आणि उरलेले दुसरे दिवशी पाठवावयाचे होते.

‘‘मास्तर, मुलीच्या कॉलेजची सगळी फी ह्यात भागेल. तुम्ही एकदा नजरेखालून घाला, म्हणजे मी निर्धास्त होईन,’’ तो म्हणाला.

त्याच्या मुखावरील आशा पाहून आम्हांस एकाएकी उत्तर सुचेना. ‘‘अरे, आजची रात्र पैसे पाठवू नकोस, उद्या सोनाराकडे जाऊ,’’ एवढेच आम्ही म्हणालो.

नाण्यांची पारख ही काही नवी विद्या नव्हे. कौटिल्याने नाणी पाडण्यासाठी लक्षणाध्यक्ष आणि ती पारखण्यासाठी रूपदर्शक, असे दोन निराळे अधिकारी सांगितले आहेत. पाडणारा एक, पारखणारा दुसरा, ह्यात मोठे शहाणपण आहे. ज्याला आपले नाणे घ्यावयाचे किंवा आपल्याला विकावयाचे आहे, त्याच्याच तोंडून त्याचे मोल ऐकू नये, हा त्यातला आजही लागू पडणारा बोध होय. पाणिनीनेही ‘रूप्य’ हा शब्द साधताना ‘आहत’, म्हणजे ठसा ठोकून उमटविलेले, हा अर्थ दिला आहे. प्राचीन काळी काही नाणी साच्यात ओतूनही करीत. परंतु रुपयासारखे नाणे ठोकलेलेच असावयाचे. नकली माल पुष्कळदा ओतलेला असतो, आणि ओतकामाच्या खुणा लपत नाहीत. अक्षरांच्या कडा बोथट येतात, पृष्ठावर बारीक छिद्रे राहतात, आणि काठावर साच्याच्या दोन अर्धांची सांधरेषा दिसते.

दुसरे दिवशी सकाळी सोनाराच्या दुकानी प्रथम रुपया काट्यावर घातला. कंपनीच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११·६६ ग्रॅम असे, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. झिजेमुळे किंचित घट सोडली तर वजन बरोबर भरले. मग तोच रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबता धरून तोलला. अशा रुपयाचे वजन पाण्यात सुमारे १·१३ ग्रॅमने कमी भरले पाहिजे. नुसत्या तांब्याचा तितक्याच वजनाचा तुकडा असता तर घट १·३० ग्रॅमच्या आसपास आली असती. धातूच्या विशिष्ट गुरुत्वावर आधारलेली ही परीक्षा नाण्यास ओरखडाही न काढता करता येते. वजन जुळले म्हणजे नाणे खरेच ठरते असे नव्हे, कारण खऱ्या चांदीतही नक्कल करता येते. परंतु वजन फार चुकले, तर पुढचा विचार सावधपणे करावा. ह्या रुपयाच्या कडा आणि अक्षरेही नीट होती.

रामाच्या नाण्याची गोष्ट निराळी. भिंगाखाली धरताच त्याच्या काठावरील सांधरेषा आमच्या विद्यार्थ्यालाच प्रथम दिसली. तथापि आमचा निर्णय केवळ रेषेवर नव्हता. देवतांची चित्रे नाण्यांवर कधी नव्हतीच असे नाही. अकबराने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस रामसीतेची आकृती असलेली नाणी पाडली. ती अत्यंत दुर्मिळ आहेत. मद्रासकडे कंपनीने पाडलेल्या काही होनांवर विष्णुमूर्ती आहे. परंतु रामपंचायतनाचे आणे कंपनीच्या टांकसाळींनी कधी पाडले नाहीत. अशा तुकड्यांवर १६१६ किंवा १८१८ अशी आकर्षक सने घातलेली असतात. आणि कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकसारखे चलन तर १८३५ साली सुरू झाले. यात्रेच्या ठिकाणी भाविकांसाठी विकले जाणारे हे टाक होत. कोणी त्यांत तांदूळ ओढून घेण्याची दैवी शक्ती असल्याचे सांगून लक्षावधी रुपये उकळतात. तीही निव्वळ फसवणूकच.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हलक्या आवाजात त्याने विचारले, ‘‘आता घरी काय सांगू?’’ आम्ही त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार नोंदविली गेली; ते ११ हजार मात्र आजवर परत आलेले नाहीत. १४ हजार वाचले, एवढेच समाधान.

तिसऱ्या नाण्याविषयी मात्र आम्हांस आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. ते काळे नाणे त्याच्या घरी चिंचेच्या कोळात टाकावयाचे ठरले होते. आम्ही हात जोडून ते थांबविले. कारण बालपणी आजीच्या पेटीतील एक शिवराई आम्ही चिंच आणि राख लावून दिवाळीसाठी अशीच लखलखीत केली होती. एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ ही अक्षरे, तीही आधीच अर्धी झिजलेली, आमच्या घासण्याने पार पुसली गेली. आजीने शाबासकी दिली. आपण काय केले ते पुढे पुष्कळ वर्षांनी कळले, आणि तेव्हा उपाय उरला नव्हता. नाण्यावरचा काळिमा हे त्याचे कवच असते. ते काढले की लेखही जातो आणि मोलही उतरते.

विद्यार्थ्याचे काळे नाणे शिवराईच निघाले. परंतु प्रत्येक शिवराई खुद्द शिवछत्रपतींच्या हयातीतली नसते. महाराजांच्या नावाची ही नाणी पेशवाईच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ पाडली जात होती. दोन आडव्या रेघांची जी ‘दुदांडी’ शिवराई म्हणतात, ती उत्तरकालीन. ही तीच होती, आणि बाजारात तिला फारशी किंमत नाही. जुनेपणा म्हणजे दुर्मिळता नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वीची आहत नाणी विपुल सापडतात. उलट अलीकडचे एखादे नाणे अल्पसंख्य असल्यामुळे महाग असू शकते.

मोलाचा आणखी एक प्रकार बाजारास ठाऊक नसतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाण्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. लोभी दृष्टीस ती बिघडलेली नाणी. परंतु गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश उच्छिन्न केला असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो, आणि ह्या दुहेरी ठशांनी त्याला साक्ष दिली. कोणी तो साठा आटविला असता, तर साक्षीदारच नाहीसा झाला असता. म्हणूनच भूमीत पुरलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे.

वाचकांस आमची विनंती इतकीच की, नाणी घासू नयेत; ती कोणाकडून आली हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे; आणि मोल विचारावयाचे तर निःस्पृह जाणत्यास विचारावे. आगाऊ पैसे मागणारा जाणता नसतो.

विद्यार्थ्याच्या मातोश्रींस आम्ही भीतभीतच सारी हकीकत सांगितली. त्यांनी ते रामाचे नाणे ओंजळीत घेतले, पदराने पुसले आणि देव्हाऱ्यात होते तेथे ठेविले. ‘‘सासूबाईंनी मला हे देव म्हणून दिले, मास्तर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पैका म्हणून नव्हे.’’ मग मुलाकडे वळून त्यांनी फीचा आकडा विचारला आणि आपल्या हातातील पाटल्यांकडे पाहिले. त्या पाटल्या मोडाव्या लागू नयेत म्हणून आता तो शिष्यवृत्तीचे अर्ज भरीत आहे. गेल्या आठवड्यात त्यांतील एक आम्ही तपासून दिला.